फायरवॉलवर पाहुणा नको

कॉलेजच्या अख्ख्या नेटवर्कचा कारभार ज्यांच्या हातात होता त्या अण्णांच्या टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. एक जाड रजिस्टर, दोन शिसपेन्सिली, खोडरबर, स्टीलचा तांब्या आणि त्यावर उपडं घातलेलं फुलपात्र, एवढाच संसार. नवीन माणसाला वाटायचं, हे स्टोअरकीपर असावेत. मलाही तसंच वाटलं, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडे दोन मार्कर आणि एक डस्टर मागितला. त्यांनी मला स्टोअरची खोली नीट समजावून सांगितली. मी मार्कर घेऊन परत आले तेव्हा म्हणाले, की आता बसा, तुमचा साहेब मीच आहे.

सोलापुरात अण्णांना तोटा नाही, पण आमच्या कॉलेजात अण्णा म्हटलं की एकच. मूळचे वळसंगचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि मशीनशी इंग्रजी, तेही मशीनला कळेल एवढंच. स्वतः मात्र ते सगळ्यांना 'मालक' म्हणायचे. सोलापुरात तशी पद्धतच आहे, पण अण्णा ती फारच सरसकट पाळायचे. डायरेक्टर मालक, झाडू मारणाऱ्या मावशी मालक आणि मीही मालक. मावशींनी एकदा लाजत सांगितलं, की मला नुसतं बाई म्हणा. तर म्हणाले, बरं मालक.

अण्णांचं खरं राज्य जिन्याखालच्या खोलीत होतं. कॉलेजात इंटरनेट जिथून आत येतं तिथे एक काळी पेटी बसवलेली होती. तिला फायरवॉल म्हणतात. कुणाला आत सोडायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, आतल्यांनी कुठे जायचं आणि कुठे नाही, याचे सगळे नियम त्या पेटीतल्या एका फाइलीत लिहिलेले असतात. त्या खोलीत शिरताना अण्णा चपला बाहेर काढायचे आणि दुसऱ्यालाही काढायला लावायचे. धूळ जाते असं कारण सांगायचे. पण छत्री घेऊन गेलेलं चालायचं, डबा घेऊन गेलेलं चालायचं, तेव्हा कारण धुळीचं नव्हतं. डायरेक्टर एकदा बूट घालून आत गेले, तर अण्णांनी ते बाहेर येईपर्यंत एक शब्द उच्चारला नाही. पुढच्या वेळी साहेबांनी बिनबोभाट बूट काढले, आणि त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे हे सगळ्या डिपार्टमेंटला कळलं.

एक नियम बदलायचा तर अण्णांची पद्धत ठरलेली. आधी तो रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहायचा. मग एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. वाचायचं ते मी, आणि आकडे वाचायचे ते कानडीतच. अण्णांना आकडे त्यांच्या आईने कानडीत शिकवले होते, आणि डोकं कुठल्याही भाषेत चालत असलं तरी बोटं कानडीच ऐकतात असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून मी, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातल्या फिटरची मुलगी, जिन्याखाली अनवाणी उभी राहून 'हत्तु, सोन्ने, सोन्ने, ऐदु', म्हणजे दहा, शून्य, शून्य, पाच, असं म्हणायची. नेटवर्कच्या पत्त्यातला कुठलाही आकडा दोनशे पंचावन्नच्या वर जात नाही. त्यामुळे मला कानडीत आजही 'इन्नूर ऐवत्तैदु'पर्यंत अस्खलित मोजता येतं आणि त्यापुढे अजिबात येत नाही.

नियम टाइप झाला की तो लागू करायचा, चालतो का ते बघायचं, आणि चालला तर पुन्हा फाइल उघडून त्याच्या डोक्यावर एक शेरा लिहायचा. कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, कुठल्या तारखेला. शेरा म्हणजे नियम नव्हे, मशीन तो वाचत नाही. तो फक्त पुढच्या माणसासाठी असतो. पुढचा माणूस कोण असणार, हे तेव्हा अण्णांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आता भांडणाच्या मुळाकडे येते. या पेटीवर माऊस नाही, चित्रं नाहीत, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. त्यात फाइल उघडून बदलायला जे साधन लागतं त्याला एडिटर म्हणायचं. पेटीबरोबर जन्मजात आलेला एडिटर म्हणजे व्हीआय. फार जुना आणि फार तिरसट. तुम्ही एखादं अक्षर दाबलंत तर तो ते लिहीत नाही, हुकूम समजतो. डी दोनदा दाबलं की अख्खी ओळ गायब. लिहायचं असेल तर आधी आय दाबून परवानगी घ्यायची, झालं की एस्केप दाबून ती परत करायची. मग कोलन, डब्ल्यू, क्यू एवढं टाइप करून एंटर मारलं की तो फाइल जपून ठेवतो आणि तुम्हाला बाहेर सोडतो. यातलं एकही अक्षर पडद्यावर लिहिलेलं नसतं.

मी पहिल्यांदा त्यात शिरले ती जुन्या, वापरात नसलेल्या पेटीवर. शिकाऊ लोकांसाठी अण्णांनी ती मुद्दाम ठेवली होती. मी माझं नाव टाइप केलं, तर तीन ओळी उडाल्या आणि मशीन टुंग टुंग वाजायला लागलं. बाहेर पडता येईना. अण्णा शेजारी खुर्चीत बसून चहा पीत होते. मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बशी संपवली, कप धुऊन आणला, मग म्हणाले, "कुटं बी आत शिरायच्या आदी भाईर यायचं शिकावं की, मालक." आणि मला तसंच बसवून जेवायला गेले.

माझं डोकं फिरलं. मी इंजिनिअर होते, अजून तरुण होते आणि स्वतःला बरीच हुशार समजत होते. जगात नॅनो नावाचा सरळ, सज्जन एडिटर असताना मी या खवटाच्या नादी का लागू, असं मला वाटलं. नॅनो उघडला की लिहायलाच लागायचं. बाहेर कसं पडायचं, फाइल जपायची कशी, हे खाली दोन ओळींत लिहिलेलं. पण तो पेटीवर नव्हता, बसवावा लागणार होता. मी अण्णांना तसं सांगितलं, तर म्हणाले, अर्ज द्या.

मी अर्ज दिला. विषय, फायरवॉलवर नॅनो एडिटर बसवण्याबाबत. कारण लिहिलं, वापरायला सोपा आहे. दुसऱ्या दिवशी त्यावर पेन्सिलीने शेरा आला, 'कुणाला?' दुसऱ्या अर्जात मी लिहिलं, नवीन कर्मचाऱ्यांना. शेरा आला, 'नवीन कर्मचारी जुने होतात.' तिसरा अर्ज मी चिडून दोन पानी इंग्रजीत लिहिला. तो 'मराठीत लिहा' म्हणून परत आला. चौथ्यात मी फक्त 'सर, कृपया' एवढंच लिहिलं, तर अण्णांनी तारीख घातली नाही म्हणून तो फेटाळला. चारही अर्ज त्यांनी पंच करून फाइलीला लावले. तोंडी मात्र त्यांनी खरं कारण सांगितलं. पेटीबरोबर आलं ते घरचं, मागनं घातलं ते पाहुणं, आणि राखणदाराच्या खोलीत पाहुणा कशाला. प्रत्येक पाहुण्याबरोबर त्याची एखादी खोड आत येते, म्हणाले.

हे तत्त्व ते फक्त माझ्यावर चालवत नव्हते. पुण्याहून एक विक्रेता नवी कोरी फायरवॉल घेऊन आला होता. तिच्यात सगळं रंगीत, माऊसने ओढा आणि सोडा. डायरेक्टर भाळले होते. अण्णांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, की पेटी आजारी पडली की ही चित्रं दिसतात का. तो म्हणाला, तेव्हा नाही दिसत. मग काय दिसतं? काळा पडदा. अण्णा म्हणाले, त्यो तर माज्याकडं हायच की. विक्रेता सात रस्ता चौकातल्या लॉजमध्ये एक दिवस जास्त राहून आणखी दोनदा येऊन गेला. तिसऱ्या भेटीत तोच अण्णांना विचारत होता, की त्याच्या कंपनीच्या पेटीवर व्हीआय कसा उघडायचा.

माझ्याबद्दल खरं सांगायचं तर व्हीआय मला पंधरा दिवसांत आला असता. मी शिकले नाही, कारण अण्णांना शिकवायचा होता. कागदावर बघून दोन-चार हुकूम द्यायला यायचे, तेवढ्यावर मी भागवलं. टाइप त्यांनी करायचं, वाचायचं मी, असं चाललंच होतं.

मग अण्णांची निवृत्ती जवळ आली. सत्तावीस वर्षं झाली होती, आणि या सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून नेटवर्क एकदाही बंद पडलं नव्हतं. वीज गेल्यामुळे पडलं, उंदराने वायर कुरतडल्यामुळे पडलं, रस्ता खोदणाऱ्यांमुळे तर कितीदा पडलं. पण अण्णांच्या हातून नाही. रजिस्टरच्या पहिल्या पानावर त्यांनी 'आपली चूक' असा एक रकाना आखला होता आणि तो कोरा होता. आल्यागेल्याला ते पान दाखवायचे. माणसाला एखादा तरी गर्व असावा, तसा त्यांना या कोऱ्या रकान्याचा होता.

त्याच महिन्यात माझीही मुदत संपत होती. माझी ऑर्डर एक वर्षाची, तात्पुरती. डायरेक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की अण्णांच्या जागी कुणीतरी लागणारच, अण्णांनी तुमच्या नावाची शिफारस लिहून दिली तर ऑर्डर कायम, नाहीतर जाहिरात. घरी वडील रोज संध्याकाळी विचारायचे, झालं का काही. कुर्डुवाडीहून सकाळची गाडी पकडून वर्षभर ये-जा केली होती, ती या एका कागदासाठी. आणि तो कागद ज्यांच्या हातात होता त्यांच्याशी मी वर्षभर एडिटरवरून भांडले होते.

एक दिवस सकाळी मी आले तर माझ्या टेबलावर माझाच पहिला अर्ज. त्यावर 'मंजूर', खाली सही, तारीख. मी विचारलं, हे कसं काय. अण्णा म्हणाले, "हितं तुमी राहणार, मी न्हाय. ऱ्हाणाऱ्याच्या सोयीनं घर लावावं."

पण मंजूर म्हणजे लगेच बसवला असं नाही. अण्णांनी सोप्या एडिटरांच्या मुलाखती घेतल्या. जुन्या पेटीवर एकेक बोलवायचा. कुठलंही सॉफ्टवेअर बसवायला गेलं की पेटी आधी सांगते, याच्याबरोबर अमुक इतकी पॅकेजं, म्हणजे जोडीची सॉफ्टवेअरं, उतरवावी लागतील, उतरवू का. अण्णा खुर्चीत बसून स्थळ बघायला आल्यासारखे विचारायचे, मंडळी किती? पहिल्याच्या मागे सत्तावीस पॅकेजं. नको म्हणा. दुसरा एकटाच येत होता, पण चुकून उडालेली ओळ परत आणायची त्याच्यात धड सोय नव्हती. त्याला अण्णांनी चहा देऊन निरोप दिला, म्हणजे चहा अण्णा प्यायले. नॅनोबरोबर दोन पॅकेजं होती. अण्णा म्हणाले, दोगं मंजी आईबाप, चालतंय. त्या आईबापांचीही त्यांनी चौकशी केली, आठवडाभर जुन्या पेटीवर ठेवून पाहिलं आणि मग चपला काढून खऱ्या पेटीवर बसवलं.

त्यांनी आणखी एक केलं. पेटीवर अण्णांनी स्वतः बनवलेला 'नियम' नावाचा एक हुकूम होता. तो दिला की पेटी आधी नियमांच्या फाइलीची एक प्रत काढून बाजूला ठेवायची आणि मग फाइल उघडून द्यायची. आतापर्यंत ती व्हीआयमध्ये उघडायची. अण्णांनी माझ्या सोयीसाठी ती नॅनोमध्ये उघडेल असं करून ठेवलं. मी वर्षभराची लढाई जिंकले होते आणि मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी सगळ्या डिपार्टमेंटला खारे दाणे वाटले.

पुढच्याच शनिवारी मावसबहिणीचं लग्न म्हणून मी रजेवर होते. सोमवारी बाहेरच्या एका संस्थेची ऑनलाइन परीक्षा आमच्या लॅबमध्ये होती. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, कुठून कुठून मुलं येणार होती, बरोबर आईवडील. सोमवारी साडेनऊला वीज गेली, बॅटऱ्यांनी मान टाकली, आणि जनरेटर लागेपर्यंत पेटी बंद पडून परत सुरू झाली. सुरू झाली, पण इंटरनेट आलं नाही. अण्णा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते आणि तिथे खुर्चीत बसलं की ते फोन बंद ठेवायचे. मी चपला भिरकावून खोलीत शिरले.

पेटी सुरू होताना नियमांची फाइल नव्याने वाचते, आणि त्यात एक ओळ जरी चुकीची असली तरी अख्खी फाइल नाकारते. पडद्यावर तेच लिहिलं होतं. ओळ एकशे बेचाळीस, समजत नाही. मी 'नियम' दिला, फाइल उघडली, खाली गेले. एकशे एक्केचाळिसाव्या ओळीवर अण्णांचा शेरा, तारीख शनिवारची. त्याखाली एकट्या ओळीवर कोलन, डब्ल्यू, क्यू.

मला एका क्षणात सगळं समजलं. अण्णांनी शनिवारी परीक्षेचा नियम एकट्याने घातला, लागू केला, तो चालला. मग शेरा लिहायला फाइल पुन्हा उघडली. शेरा मशीन वाचत नाही, म्हणून त्यानंतर पुन्हा लागू करून बघायची गरज नव्हती. लिहून झाल्यावर सत्तावीस वर्षांच्या सवयीने बोटांनी एस्केप दाबलं आणि कोलन, डब्ल्यू, क्यू मारलं. व्हीआय असता तर बाहेर सोडलं असतं. नॅनो सज्जन, तुम्ही टाइप कराल ते तो लिहून घेतो. बाहेर पडत नाही म्हटल्यावर अण्णांनी खाली वाचून बाहेरची कळ दाबली असणार, जपून ठेवू का विचारल्यावर हो म्हटलं असणार, आणि ती तीन अक्षरं फाइलीत तशीच राहिली. वीज गेली नसती तर पुढचा नियम घालेपर्यंत कुणाला कळलं नसतं.

मी ओळ पुसली, नियम लागू केले, इंटरनेट आलं. परीक्षा पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. तेवढा वेळ दोनशे मुलं आणि त्यांचे आईबाप व्हरांड्यात उन्हाच्या झळा सोसत उभे होते, आणि त्यातल्या काही आया रडकुंडीला आल्या होत्या. ते मी पाहिलं आहे, त्यामुळे साधी चूक होती असं मी म्हणणार नाही.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेला लेखी खुलासा हवा होता आणि डायरेक्टरांना एक नाव. त्यांच्यासमोर माझे चार अर्ज होते, छान पंच केलेले. एडिटर तुम्हीच मागितला होता ना, म्हणाले. मी हो म्हटलं. मग ओळ तुमच्याच हातून चुकली असणार. मी शनिवारी रजेवर होते हे मस्टरवर लिहिलेलं होतं, पण मस्टर कुणी उघडलं नाही. मीही नाही. समोर मला तो कोरा रकाना दिसत होता आणि अण्णांचे अठरा दिवस राहिले होते. शिवाय पाहुणा मीच आत आणला होता. मी लिहून दिलं, की माझ्या हातून एक ओळ चुकली. बाहेर येऊन पाणी प्यायले तेव्हा मला कळलं, की मी ऑर्डर घालवली आहे. घरी काय सांगायचं याचा विचार करत मी बराच वेळ जिन्यावर बसले.

माझ्या नेमणुकीची फाइल तूर्त स्थगित झाली. अण्णा दुपारी आले, त्यांना खुलाशातली हकिगत समजली आणि ती खरी वाटली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी मला मॅडम म्हणायला सुरुवात केली. माझ्या नावाची लिहून ठेवलेली शिफारस त्यांनी माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकली. दोन दिवस मॅडम, हे बघा आणि मॅडम, ते बघा. मला त्याचं फार वाईट वाटलं. खुलासा लिहिताना रडले नव्हते, पण मॅडम ऐकून संडासात जाऊन रडले.

बुधवारी त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं. सोमवारी मी 'नियम' दिला तेव्हा पेटीने बिघडलेल्या फाइलीची प्रत काढून ठेवली होती, ती त्यांनी पडद्यावर उघडली होती. स्वतः उभे होते.

"तुमाला व्हीआयमधनं न बगता भाईर पडायला येतंय का?"

"कागद बघून येतं."

"न बगता इचारलं."

"नाही येत."

"मंग ही बोटं तुमची न्हवंत," ते म्हणाले. "शनवारी कुटं हुता?"

"लग्नाला."

"सांगितलं का न्हाय?"

"तुमचे सोळा दिवस राहिलेत, अण्णा."

त्यांनी पडद्यावरची फाइल बंद केली. मग म्हणाले, "माजे सोळा दिवस ऱ्हायल्यात. तुमची तीस वर्सं हायत की."

मला वाटलं, आता ते नॅनो काढून टाकतील. मी तसं विचारलंही. तर म्हणाले, त्येचा काय दोष, त्यो खाली लिहून सांगत हुता, मीच आदी वाचलं न्हाय. संध्याकाळी त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवून माझं शाईचं पेन मागून घेतलं आणि पहिल्या पानावरचा रकाना भरला. तारीख, ओळीचा आकडा, काय टाइप झालं, कुणाच्या हातून. मी शेजारी उभी होते आणि ते पान बघवत नव्हतं म्हणून दाराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं लिहून ते डायरेक्टरांकडे गेले. साहेबांनी कागद वाचला, कोलन डब्ल्यू क्यू म्हणजे काय ते समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. म्हणाले, की अण्णा, खुलासा वर गेला आहे, आता नाव बदललं तर कॉलेजचं हसं होईल. तुम्ही मोकळे होताय, कशाला शेवटी डाग लावून घेता. तिचं पुढच्या वर्षी बघू. अण्णा कागद घेऊन परत आले. चार दिवसांनी पुन्हा गेले, त्यानंतर आणखी एकदा गेले. तिसऱ्या वेळी साहेब मीटिंगमध्ये होते आणि मीटिंग अण्णा जाईपर्यंत संपली नाही.

निरोप समारंभ शुक्रवारी दुपारी सेमिनार हॉलमध्ये होता. स्टाफ, तिसऱ्या वर्षाची मुलं, वळसंगहून आलेले अण्णांचे भाऊ आणि पुतणे. टेबलावर ताट, ताटात शाल, नारळ, हार. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझा शेवटचा दिवस पुढच्या मंगळवारी होता आणि वडिलांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. डायरेक्टर छान बोलले. सत्तावीस वर्षांच्या सेवेत एकही डाग नाही, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी शाल उलगडली आणि अण्णांच्या खांद्यावर घालायला पुढे झाले. अण्णा एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी आपण नियमांच्या फाइलीत शेऱ्याखाली कोलन, डब्ल्यू, क्यू मारून ठेवलं, त्याच्यानं दोनशे पोरं उन्हात उभी राहिली, असं त्यांनी सांगितलं. मागची मुलं खो खो हसली. ज्यांना व्हीआय ठाऊक होता त्यांना तो उत्तम विनोद वाटला. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांना काहीच कळलं नाही, पण मुलं हसतात म्हणून तेही हसले. अण्णांनी हसणं संपेपर्यंत वाट पाहिली.

"हसू नका," ते म्हणाले. "ही चूक आज एका पोरीच्या नावावर हाय. तिनं माजं नाव घेतलं न्हाय, म्हणून तिची नोकरी चाललीय. आदी ती माज्या नावावर घाला, साहेब. मंग शाल घाला."

अण्णा त्यांना 'साहेब' म्हणाले, 'मालक' म्हणाले नाहीत.  वळसंगच्या भावांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांनी खिशातून तोच लिहिलेला कागद घडी केलेला काढला, तो टेबलावर नारळाशेजारी ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. डायरेक्टर उलगडलेली शाल दोन्ही हातांत धरून थोडा वेळ तसेच उभे होते. मग त्यांनी ती ताटात ठेवली आणि कागदावर सही करायला कुणाकडे पेन आहे का विचारलं. पेन माझ्याकडे होतं, पण मला उठता आलं नाही.